मथुराबाईचं रक्त

बोरगळ, २९ नोव्हेंबर १९६१

पोचलो एकदाचे! नळदुर्गापर्यंत रस्ता बरा होता. लोहाऱ्याच्या पुढं मात्र रस्ता म्हणजे बैलगाड्यांची चाकोरी आणि मधे दगड. सबंध वाट मी उंदरांचा पिंजरा मांडीवर धरून बसले होते. ड्रायव्हर खाजामियाँ म्हणाले, बाई, लेकरं सांभाळावी तशी उंदरं सांभाळताय. मी म्हटलं, मला पगार त्याचाच आहे. ते इतके हसले की जीप खड्ड्यात गेली.

काम मोठं आहे. या भागात एक-दोन वर्षांआड एक ताप येतो. आधी बरगड्यांत सुरी फिरवल्यासारख्या कळा, मग हातापायांचे स्नायू लुळे. मोठी माणसं बहुधा उठतात, लहान मुलं बरीचशी दगावतात. आमच्या पुण्याच्या साहेबांना वाटतं, हा स्नायूंवरच जाऊन बसणारा एखादा विषाणू असावा. तो मी पकडायचा. आणि तापातून जे उठले त्यांच्या रक्तात विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं तयार झाली आहेत का, तेही पाहायचं.

राहायला निजामाच्या वेळचं करोडगिरी नाकं मिळालं आहे. निजाम गेला, त्याची जकात गेली, पण दोन दगडी खोल्या खणखणीत उभ्या आहेत. पुढच्या खोलीत प्रयोगशाळा, मागच्या खोलीत मी. जीप उभी असते त्या पडवीत खाजामियाँ. रॉकेलवर चालणारा फ्रिज पहिल्या प्रयत्नात सुरू झाला, हा शुभशकुन समजायला हरकत नाही. जुलैत पानशेतच्या पुरात आमचं घर धुऊन गेलं, तेव्हापासून चुलत्यांच्या माडीवर एका ट्रंकेसह राहत होते. आज स्वतःची खोली, स्वतःची खिडकी. बाहेर ज्वारी, जिकडं पाहावं तिकडं ज्वारी. फार छान वाटतंय.

३ डिसेंबर

गाव माझ्याशी बोलत नाही. मी गल्लीत शिरले की बायका दारं लोटून घेतात. एकीनं तर पोराला अक्षरशः कणगीमागं लपवलं. काल पाटलांकडं गेले. बब्रुवान पाटील, पन्नाशीचे, बोलताना समोरच्याकडं न पाहणारे. बसा म्हणाले नाहीत. मी उभ्या उभ्याच सांगितलं, प्रत्येकाचं चमचाभर रक्त हवं, बाकी काही नको.

ते म्हणाले, "रगत मागाया आलाव व्हय? रझाकारीत सांडलं तेवढं बास झालं." आणि खाजामियाँकडं बघून थुंकले. खाजामियाँ मान खाली घालून जीपचं बॉनेट पुसत राहिले.

परतताना कुणीतरी मागून शेणाचा गोळा मारला. पाठीवर बसला. मी वळून पाहिलं तर गल्लीत चिटपाखरू नाही. साडी धुताना मला रडू आलं, पण ते रागाचं होतं.

७ डिसेंबर

आज एक माणूस आपणहून आलं. मथुराबाई. ओढ्यापलीकडं, नाक्यापासून हाकेच्या अंतरावर तिचं खोपट आहे. तिशीची असेल, सडसडीत, अंगावर एक मणी नाही. दारात बसली आणि म्हणाली, "रगत काय दंडातनं काढत्यात का मनगटातनं?" दंड पुढं केलाच होता.

तिची हकीकत ऐकून माझं डोकं तापलं. ती बब्रुवान पाटलांची भावजय. सहा वर्षांपूर्वी हिला ताप आला, आठवड्यात उठली. पुढं पाठोपाठ तीन मुलं झाली नि अंगावर पिता पिताच गेली. त्यातच पाटलांची सून बाळंतपणात वारली, तिचं तान्हं हिच्या पदराखाली दिलं. तेही गेलं. गावानं ठरवलं, हिचं दूध विषारी. नवऱ्यानं, उत्तरेश्वरनं, दुसरं लग्न केलं आणि हिला ओढ्यापलीकडं काढली. मुलांना पुरायलासुद्धा गावच्या मसणवट्यात जागा दिली नाही.

मी तिला त्याच क्षणी कामावर ठेवलं. स्वयंपाक, पाणी, पिंजरे साफ करणं. खाजामियाँ नंतर हळूच म्हणाले, बाई, पाटील नाराज होतील. मी म्हटलं, होऊ देत.

१६ डिसेंबर

ताप आला. वेशीजवळच्या दोन घरांत एकदम. एका बाईनं घाबरून का होईना, मुलाच्या घशात कापसाचा बोळा फिरवू दिला. त्याचा अंश नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या पिल्लांना टोचला. तिसऱ्या दिवशी पिल्लं ओल्या चिंध्यांसारखी लोळायला लागली. विषाणू आहे! साहेबांचा कयास बरोबर होता. मला आनंदानं नाचावंसं वाटलं, आणि त्याच दिवशी ते पोर गेलं.

आईनं दारातूनच माझ्याकडं बघितलं. ती नजर मी लिहून ठेवू शकत नाही.

१९ डिसेंबर

मथुराबाईच्या रक्तातला वरचा पिवळा द्रव, म्हणजे सीरम, पिल्लांना आधी टोचला आणि मग विषाणू दिला. पिल्लं टुणटुणीत! आईच्या पोटाला लुचताहेत. नुसता विषाणू दिलेली सगळी मेली. इतकी जोरदार प्रतिपिंडं मी कुठल्याच पुस्तकात वाचलेली नाहीत. काही पिल्लांना विषाणू न देता नुसतंच सीरम दिलं आहे, तीही मजेत आहेत.

मथुराबाईला पिंजरा दाखवला. म्हटलं, ज्या रक्ताला गाव विष म्हणतं, तेच औषध आहे. तुमच्या रक्तानं या गावाची मुलं वाचतील. ती पिल्लांकडं खूप वेळ बघत बसली. मग म्हणाली, "समद्या गावाच्या पोरांना देनार?"

व्हय म्हटलं. तिनं पदर सावरून दंड पुढं केला. "घ्या की मग. पाहिजे तेवढं घ्या."

२२ डिसेंबर

गावात आणखी मुलं तापली, तेव्हा कुठं पाटील नरमले. त्यांचा एकुलता नातू, चार वर्षांचा, घरात आहे. काल दुपारी चावडीपुढं सगळे जमले. मी सगळ्यांसमोर आधी स्वतःच्या दंडात सुई घातली, तीही दुप्पट मात्रेची. तरी कुणी पुढं येईना. तेव्हा खाजामियाँनी सदऱ्याची बाही वर केली आणि म्हणाले, "मला बी द्या बाई. बघू द्या लोकाला." मग मुलांना दिलं. झाडून सगळ्या.

सीरम कुणाचं हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर एकानंही घेतलं नसतं. पुण्याहून आलेलं औषध आहे, असं म्हणाले. खोटं बोलले, पण मुलांसाठी बोलले.

मथुराबाई वडाखाली लांब उभी राहून बघत होती. घरी आल्यावर तिनं गुळाचा शिरा केला.

३० डिसेंबर

ताप थांबला. टोचलेल्या एकाही मुलाला आला नाही. पाटलांनी पायली पायली ज्वारी आणि तुरीच्या शेंगा पाठवल्या. बायका दारं लोटत नाहीत. एकीनं माझ्या केसांत अबोली माळली.

साहेबांना सविस्तर लिहिलं. त्यांची तारही आली. ते स्वतः पंधरा जानेवारीला येताहेत, सगळं सीरम आणि मथुराबाईला पुण्याला घेऊन जाणार. जिथं जिथं ताप आहे तिथं मुलांना द्यायचं. मी उलट टपाली कळवलं, गावकरी या बाईविषयी काहीबाही खुळ्या गोष्टी सांगतील, त्या मनावर घेऊ नका.

रोज थोडं रक्त काढते आहे. एवढं रक्त गेल्यावर माणूस पांढरं पडतं. मथुराबाई मात्र दिवसेंदिवस तजेलदार दिसते आहे. आताशा काम करताना गुणगुणते.

६ जानेवारी १९६२

आज येळवस. अमावस्येला सगळं गाव शेतात जाऊन जेवतं. घरटी कुणीतरी बोलवायला आलं होतं. पाटलांच्या शेतात कडब्याची खोप, खोपीत पांडवांची पूजा, पंगतीत मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि आंबील. मडक्यातली गार आंबील मी दोनदा मागून घेतली. सगळे हसत होते.

पाटलांच्या नातवाला हातात उंडा दिला. तो त्यानं तोंडाजवळ नेला, पण कोपर वळेना. आजीनं हात धरून वाकवून पाहिला. पोर किंचाळलं. मी जाऊन चाचपला. दंड लाकडासारखा टणक. मग शेजारच्या शेतातून कुणीतरी हाक मारली, आमच्या पोरीला उठता येईना म्हणून. मग पलीकडच्या शेतातून.

तापात स्नायू लुळे पडतात. हे लुळे नव्हते. आवळलेले होते.

सगळ्या पंगती उठल्या आणि माझ्याकडं बघायला लागल्या.

८ जानेवारी

पिंजऱ्यातली वाचलेली पिल्लं आता मोठी झाली आहेत. आज सकाळी ती सगळी ताठ. पाय पसरून, जबडे मिटून, डोळे उघडे. श्वास चालू आहे, अगदी वरवरचा.

ज्यांना विषाणू दिलाच नव्हता, फक्त मथुराबाईचं सीरम दिलं होतं, तीही तशीच.

म्हणजे विषाणू नाही. सीरमच. तिच्या रक्तातली प्रतिपिंडं विषाणूला मारतात आणि मग थांबत नाहीत. विषाणूला पकडायला शिकता शिकता ती मांसालाही पकडायला शिकली. तिचं स्वतःचं मांस ओळखतात, त्याला सोडतात. परक्याचं सोडत नाहीत. दुधातूनही तेच गेलं असणार. गाव खोटं बोलत नव्हतं.

मी स्वतः दिलं. एकेकाचा दंड धरून दिलं.

९ जानेवारी

लोहाऱ्याला जाऊन साहेबांना तार करायची, सोलापूरहून डॉक्टर बोलवायचे, असं ठरवून खाजामियाँना जीप काढायला सांगितली. ते बसले. चाक धरलं. जीप सुरू केली आणि तशीच बंद केली. मला वाटलं, काही विसरले. जवळ गेले तर दोन्ही हात चाकावर आवळलेले. बोटं सुटेनात. मी तेल लावलं, गरम पाण्यात फडकी भिजवून बांधली. त्यांच्या तोंडून आवाज निघत नव्हता, डोळ्यांतून पाणी मात्र चाललं होतं. कसंबसं म्हणाले, "बाई, बोटं तोडा. पन हात सोडवा." ऊन डोक्यावर आलं तरी ते तसेच बसून होते.

दुपारी पाटलांचा नातू गेला. छातीचे स्नायू आवळले, श्वास थांबला. मला आत येऊ दिलं नाही, ओसरीवरच्या रडण्यावरून कळलं.

परतताना दगड आले. या वेळी कुणी लपलं नव्हतं. बायकाही मारत होत्या. अबोली माळणारीही.

१० जानेवारी

नाक्याभोवती बाभळीच्या काट्यांच्या फांद्या रचताहेत. सकाळपासून. माणूसभर उंच. मी ओरडून सांगितलं, मला लोहाऱ्याला जाऊ द्या, मदत आणते. बब्रुवान पाटील काट्यांपलीकडून पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघत म्हणाले, "आमची लेकरं कुटं जात न्हाईत. तुमी बी कुटं जाऊ नका."

खाजामियाँ जीपमध्येच वारले. त्यांना खाली उतरवायला माझ्या अंगात बळ नाही. डावी मांडी कालपासून जड आहे.

काट्यांतून फक्त मथुराबाई ये-जा करते. तिला कुणी अडवत नाही. तिला शिवायला कुणी धजत नाही.

११ जानेवारी

तिला विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं का. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

म्हणाली, "तुमी उंदरावर बघितलं. म्या शेळीच्या करडावर बघितलं व्हतं. तिसरं लेकरू गेल्यावर. करडाला माजं दूध पाजलं. म्हैन्याच्या आत लाकूड झालं. तवा कळलं, हाय ते माज्यातच हाय."

मी म्हटलं, मग मला का सांगितलं नाहीत?

"तुमी कुटं इचारलं? तुमीच म्हनलाव, गाव अडानी हाय."

तव्यावर भाकरी टाकली. मग अगदी शांतपणे बोलली, "माज्या लेकरांना पुराया जागा दिली न्हाय. म्या वड्याच्या वाळूत पुरली. पावसात वर आली. आता त्येंनी बी बघावं."

तिनं मला भाकरी वाढली. मी खाल्ली. भूक लागली होती.

१२ जानेवारी

फ्रिजमधल्या बाटल्या फोडायच्या. पंधराला साहेब येतात. उभं राहता येत नाही, सरपटत गेले. दार उघडलं. एक बाटली हातात आली आणि बोटं तिच्याभोवती मिटली ती — टाकताच येईना. फोडायला हात उचलावा तर खांदा —

मथुराबाई आली. लहान मुलाच्या हातातून खेळणं घ्यावं तशी एकेक बोट सोडवून बाटली घेतली. पुसली. परत जागेवर ठेवली. मला उचलून खाटेवर आणलं. तिच्या अंगात केवढी ताकद आहे.

गावात रोज रडणं. आज तीन ठिकाणांहून. की चार.

१३

आता पेननं जमत नाही. पेन्सिल मुठीत धरून. जबडा दुखतो. तोंड बोटभर उघडतं. ती दातांच्या फटीतून कण्या भरवते. तोंड पुसते. मी तिला शिव्या दिल्या — मनात. आवाज येत नाही.

तिला विचारायचं होतं, माझ्यावर राग का. मी तर तुला जवळ केलं. शब्द झाले नाहीत. तिला कळलं असावं. म्हणाली, "तुमच्यावर न्हाय राग. तुमी मधी आलाव."

१४

बाहेर सामसूम. रडणंही नाही. पाटील काट्यांपाशी बसून आहे — एकटा. नुसता बघतो. औषध कुणाच्या रक्ताचं, ते तिनंच त्याला सांगितलं म्हणाली.

तिनं डोक्यावरून न्हाऊन घेतलं. माझ्या ट्रंकेतली साडी नेसली. निळी. पुण्याला जायचं म्हणून. दोन्ही दंडांना तेल लावलं.

श्वास मोजून घ्यावा लागतो. छाती —

१५

जीप. दोन जीपा.

पाटील ओरडतोय. सगळं सांगतोय — तिचं रक्त, तिचं दूध, पोरं — देवा, सांग, अजून सांग —

साहेबांचा आवाज. शांत. म्हणाले, हो हो, बाईंनी लिहिलं होतं मला.

काटे ओढताहेत.

आत आले. खाजामियाँना पाहून आले. मला पाहिलं. कपाळावर हात ठेवला. मी डोळ्यांनी — नाही, नाही — ते म्हणाले, फार सोसलंत, ताप तुमच्यापर्यंत पोचला. मी वही दाखवायला — हात पांघरुणाखाली — ते वळले.

पुढच्या खोलीत फ्रिजचं दार वाजलं. बाटल्या. साहेब म्हणताहेत, बाईंना आधी देऊ. दुप्पट मात्रा.

स्टोव्ह पेटला. सुई उकळताहेत.

मथुराबाई खाटेवर येऊन बसली. माझी बाही वर करते आहे. हलक्या हातानं.

वही पांघरुणावर आणली. मोठ्या अक्षरांत लिहिते. आत आले की दिसेल. दिसलंच पाहिजे. एवढंच —

साहेब मला हे देऊ